घरीं बांधलेल्या विमानाचा तोल

[नभोवाणीवरील भाषण]

खेड्यांत ज्यांचें बालपण गेलें असेल त्यांनीं बैलगाडी भरतांना गाडीवानाची चाललेली लगबग पाहिली असेलच. पोतीं किती भरावयाचीं हें तो जितकें पाहतो, तितकेंच, किंबहुना त्याहूनही अधिक, तीं कोठें ठेवावयाचीं हें पाहतो. सारा माल मागें गेला तर गाडी उलाळते. जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो. सारा माल पुढें आला तर तेंच जूं त्यांच्या मानेवर दडपतें आणि चढ लागतांच बिचारीं जनावरें गुडघे टेकतात. म्हणून शहाणा गाडीवान आंसाच्या किंचित् पुढें भार राहील अशा बेतानें पोतीं रचतो. त्यांतूनही गाडी उलाळलीच, तर फार तर पोतीं रस्त्यावर येतात. चार लोक धांवून येतात आणि खांदा देऊन गाडी सरळ करतात. परंतु आकाशांत उलाळलेल्या गाडीला खांदा द्यावयास कोण धांवणार? आज मला आपणांशीं जें बोलावयाचें आहे, तें या प्रश्नाविषयीं आहे.

विमान घरीं बांधतां येतें हें ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. अमेरिकेंत ही हौस चांगलीच रुजलेली आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी मनुष्यानें स्वतःच्या शिक्षणासाठीं किंवा करमणुकीसाठीं बांधला असेल, तर तेथील कायदा त्याला वेगळ्या वर्गांत घालून उडविण्याची परवानगी देतो. अशा हौशी लोकांची एक संस्था १९५३ सालीं मिलवॉकी येथें निघाली, आणि विस्कॉन्सिन प्रांतांतील ऑशकॉश गांवीं दर वर्षीं भरणारा तिचा मेळा जगप्रसिद्ध आहे. आपल्याकडेही ही हौस अगदींच अपरिचित नाहीं. अमोल यादव या मराठी वैमानिकानें मुंबईस कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ सालीं त्याची सरकारी नोंदणी झाली.

कारखान्यांत एकाच सांच्यांतून शेंकडों विमानें निघतात. त्यांचा तोल कसा असावा, हें अनेक तज्ज्ञांनीं आधींच पारखलेलें असतें. घरीं बांधलेलें प्रत्येक विमान मात्र एकुलतें एक असतें. नकाशा एकच असला तरी एकानें इंजिन निराळें बसविलें, दुसऱ्यानें पंखा जड घेतला, तिसऱ्यानें विजेची बॅटरी जागा नाहीं म्हणून आसनाच्या मागें नेली. नकाशावर तोलाचा आंकडा छापलेला असतो खरा, पण तो नकाशांतील विमानाचा. आपल्या पडवींत उभ्या असलेल्या विमानाचा आंकडा तें तोलून पाहीपर्यंत कोणालाही ठाऊक नसतो. तें बांधणाऱ्यालाही नाहीं.

आतां तोल म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. प्रत्येक वस्तूंत असा एक बिंदु असतो कीं, तेथें ती टांगली असतां ती कोणत्याही बाजूस न कलतां अधांतरीं राहते. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. विमानाचें सारें वजन जणूं या एका बिंदूंतून खालीं ओढीत असतें. तें उचलून धरणारा हवेचा जोर मात्र मुख्यतः पंखांवर असतो. तेव्हां गुरुत्वमध्य आणि पंख यांचें एकमेकांशीं नातें काय, यावर विमानाचा स्वभाव अवलंबून राहतो.

हा स्वभाव समजण्यास धनुष्यबाणाचें उदाहरण पुरेसें आहे. बाणाचें जड पातें पुढें असतें आणि हलकीं पिसें मागें असतात. उडतांना तो किंचित् वांकडा झाला तर मागच्या पिसांवर वारा आदळतो आणि बाण पुन्हा सरळ होतो. पातें मागें आणि पिसें पुढें असा बाण सोडून पाहा. तो क्षणांत गिरकी खाईल. विमानाचेंही असेंच आहे. खालून वाऱ्याचा झोत आला आणि नाक वर झालें, तर पंखांवर आणि शेपटीच्या आडव्या पृष्ठावर वर उचलणारा ज्यादा जोर येतो. या दोन्ही ज्यादा जोरांचा मिळून एक ठराविक बिंदु असतो. त्याला आपण तटस्थ बिंदु म्हणूं. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढें असेल तर ज्यादा जोर त्याच्या मागें पडतो, शेपूट उचलली जाते आणि नाक आपोआप खालीं येतें. उलट गुरुत्वमध्य मागें सरकून तटस्थ बिंदूच्याही मागें गेला, तर तोच जोर नाकाला आणखी वर लोटतो. पहिलें विमान चूक झाली तर स्वतः सांवरून घेतें. दुसरें चूक झाली कीं ती वाढवीत नेतें.

म्हणून प्रत्येक विमानाला गुरुत्वमध्याच्या दोन सीमा घालून दिलेल्या असतात, एक पुढची आणि एक मागची. पुढची सीमा ओलांडली तर नाक जड होतें. मग उतरतांना नाक उचलण्यास शेपटीची झडप पुरी पडत नाहीं, आणि विमान पुढच्या चाकावर आदळतें. हा दोष वाईट खरा. पण तो बहुधा जमिनीजवळ आणि कमी वेगांत उघडा पडतो, आणि वैमानिकाला दांडा जड लागून त्याची सूचना आधीं मिळते.

मागची सीमा ओलांडण्याचा दोष याहून फार भयंकर आहे, आणि त्याचें एक कारण असें कीं तो आरंभीं गोड वाटतो. शेपूट जड झाली कीं दांडा हातांत हलका लागतो. नुसतें बोट लावावें आणि विमानानें नाक उचलावें! नवख्याला वाटतें, आपलें विमान किती आज्ञाधारक आहे. परंतु वेग कमी होऊन पंखांचा आधार तुटण्याची वेळ आली, म्हणजे खरें रूप दिसतें. योग्य तोलाचें विमान अशा वेळीं नाक खालीं टाकतें, वेग घेतें आणि पुन्हा उडूं लागतें. शेपूट जड असलेलें विमान नाक खालीं टाकण्यास तयार होत नाहीं. तें गिरकी घेऊं लागतें, आणि ती गिरकी सपाट झाली तर वैमानिकानें दांडा कितीही पुढें लोटला तरी उपयोग होत नाहीं. तेथें कौशल्याचा प्रश्नच उरत नाहीं.

या गोष्टीचा अनुभव विमानविद्येच्या आद्य पुरुषांनींही घेतला आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंनीं उडविलेलें विमान एका अर्थीं घरगुतीच होतें. ओहायो प्रांतांतील डेटन गांवच्या आपल्या सायकलींच्या दुकानांत त्यांनीं त्याचे भाग घडविले होते. त्या दिवशींचें पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें आणि १२० फुटांचें, तर चौथें ५९ सेकंदांचें आणि ८५२ फुटांचें झालें. परंतु विमान सरळ असें गेलेंच नाहीं. तें लाटेवरच्या होडीसारखें खालीं-वर होत राहिलें, आणि चौथ्या खेपेस एकाएकीं खालीं झेप घेऊन जमिनीवर आपटलें. त्याचा गुरुत्वमध्य फार मागें होता. पुढच्या वर्षीं डेटनजवळच्या हफमन कुरणांत दुसऱ्या विमानाचे प्रयोग चालले असतां त्यांनीं प्रथम वजन आणखी मागें नेऊन पाहिलें. त्यानें खोड वाढली. मग त्यांनीं उलट मार्ग धरला आणि विमानाच्या पुढच्या टोंकास सुमारें ७० पौंड, म्हणजे सुमारें ३२ किलो लोखंड बांधलें. एकेक पौंड वांचविण्यासाठीं झटणाऱ्या त्या माणसांना निव्वळ ओझें म्हणून लोखंड चढवावें लागलें, आणि त्यानें विमानाचें डोलणें कमी झालें! १९०५ सालीं त्यांनीं पुढची झडपही मोठी करून अधिक पुढें नेली, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांचें विमान ३९ मिनिटें हवेंत राहिलें. विमान हलकें करणें चांगलेंच. पण वजन योग्य ठिकाणीं असणें हें त्याच्याही आधींचें आहे.

आतां हा बिंदु शोधावयाचा कसा? रीत अगदीं सोपी आहे. जेथें वाऱ्याची झुळूक शिरणार नाहीं अशा बंद जागेंत विमान न्यावें. इंजिनांतील तेल पुरतें भरावें आणि पेट्रोलची टांकी रिकामी करावी. विमानाखालीं तीन कांटे ठेवावे, प्रत्येक चाकाखालीं एक. पाणसळ लावून विमान उडतांना असतें तसें अगदीं सपाट करून घ्यावें; कारण नाक चार बोटें वर राहिलें तरी सारा हिशेब खोटा पडतो. मग नाकाच्या टोंकापासून, चाकांच्या आंसांपासून आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून ओळंबे सोडून जमिनीवर खडूच्या खुणा कराव्या आणि अंतरें मोजावीं. ज्या चाकाखालीं पाचर किंवा ठोकळा ठेवला असेल त्याचें वजन त्या कांट्याच्या आंकड्यांतून वजा करावें.

कागद-पेन्सिल हाताशीं असेल त्यांनीं पुढील आंकडे टिपून घ्यावे. आपण दोन आसनांचें, एकामागें एक बसावयाचें लहानसें विमान कल्पूं. सारीं अंतरें नाकाच्या टोंकापासून मोजूं. पुढचें चाक ५० सेंटिमीटरांवर आहे आणि त्याखालचा कांटा ५० किलो दाखवितो. मागचीं दोन चाकें २०० सेंटिमीटरांवर आहेत आणि त्यांचे कांटे मिळून २५० किलो दाखवितात. एकूण वजन ३०० किलो झालें. आतां प्रत्येक वजनाला त्याच्या अंतरानें गुणावें. या गुणाकाराला परिबल म्हणतात. पुढच्या चाकाचें परिबल २,५०० आणि मागच्या चाकांचें ५०,०००, बेरीज ५२,५००. हिला एकूण वजनानें, म्हणजे ३००नें भागलें कीं उत्तर १७५ येतें. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य नाकापासून १७५ सेंटिमीटरांवर आहे.

हा आंकडा चांगला कीं वाईट, हें पंखावरून ठरतें. या विमानाच्या पंखाची पुढची कड १५० सेंटिमीटरांवर आहे आणि पंखाची पुढून मागें रुंदी १२० सेंटिमीटर आहे असें धरूं. रचनाकारानें सांगितलें आहे कीं, गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या शेंकडा १५ ते ३० या भागांतच राहिला पाहिजे. म्हणजे १६८ पासून १८६ सेंटिमीटरांपर्यंत. सारी मोकळीक अवघ्या १८ सेंटिमीटरांची, एका वितीहूनही कमी!

आतां विमानाचा मालक, ज्यानें तें चार-पांच वर्षें खपून बांधलें, तो ७५ किलो वजनाचा गृहस्थ पुढच्या आसनावर १८० सेंटिमीटरांवर बसला. त्याच्या पुढें १२० सेंटिमीटरांवर असलेल्या टांकींत ४० किलो, म्हणजे सुमारें ५५ लिटर पेट्रोल भरलें. पूर्वींच्या ५२,५०० मध्यें १३,५०० आणि ४,८०० मिळविले. परिबल ७०,८००, वजन ४१५ किलो, आणि गुरुत्वमध्य १७०.६ सेंटिमीटरांवर. उत्तम! असा तो एकटा वर्षभर उडत राहिला, आणि विमानानें त्याला कधीं दगा दिला नाहीं.

मग एका रविवारीं त्याचा मित्र आला. वजन ७० किलो, मागचें आसन २४५ सेंटिमीटरांवर. गुरुत्वमध्य १८१.३ सेंटिमीटरांवर गेला. अजून सीमेच्या आंत आहे. मित्रानें बरोबर १५ किलोची पिशवी आणली होती. ती आसनाच्या मागें ३०० सेंटिमीटरांवर ठेवली. एकूण वजन ५०० किलो, परिबल ९२,४५०, आणि गुरुत्वमध्य १८४.९ सेंटिमीटरांवर. मालकानें सीमेचा आंकडा पाहिला, १८६. अद्याप एक सेंटिमीटर शिल्लक आहे! तो समाधानानें निघाला.

श्रोते हो, येथेंच खरी मेख आहे. विमान उडूं लागलें कीं पेट्रोल जळूं लागतें, आणि या विमानांत पेट्रोल पुढें आहे. पुढचें वजन मिनिटागणिक कमी होतें. मागचा मित्र आणि त्याची पिशवी मात्र होती तेथेंच राहते. हिशेब करून पाहिला तर अवघें सव्वाआठ किलो पेट्रोल जळतांच गुरुत्वमध्य १८६ ची सीमा गांठतो. इंजिनाला तासास सुमारें १६ लिटर लागत असतील तर पाऊण तास पुरा होण्याच्या आंतच हें घडतें. अडीच तासांनीं ३० किलो पेट्रोल संपलें असतां वजन ४७० किलो, परिबल ८८,८५०, आणि गुरुत्वमध्य १८९ सेंटिमीटरांवर, म्हणजे सीमेच्या तीन सेंटिमीटर मागें! निघतांना जें विमान सुरक्षित होतें, तें उतरतांना तसें राहिलेलें नाहीं. आणि उतरतांना तर वेग सर्वांत कमी असतो. वैमानिकानें कोणतीही घोडचूक केलेली नाहीं. त्यानें निघतांनाचा हिशेब केला, पोंचतांनाचा केला नाहीं, एवढेंच.

यावर तोडगा काय? पिशवी खालीं ठेवली तर तेवढेंच पेट्रोल संपल्यावर गुरुत्वमध्य १८५.४ वर राहतो. सीमेच्या आंत, जेमतेम कां होईना. म्हणजे या प्रवासांत दोन जिवांची सुरक्षितता १५ किलोच्या एका पिशवीवर टांगलेली होती. टांकी पंखांत असेल तर पेट्रोल जळल्यानें तोल फारसा हलत नाहीं; ती आसनाच्या मागें असेल तर हाच प्रकार उलट होतो. म्हणून हिशेब नेहमीं दोन वेळां करावा, एकदां भरल्या टांकीचा आणि एकदां रित्या टांकीचा.

बांधणाऱ्याला मोहांत पाडणारी आणखी एक जागा म्हणजे शेपूट. तेथें पत्र्याची एखादी पट्टी अधिक जोडावी, रंगाचा एक हात जास्त द्यावा, सुंदरसा दिवा बसवावा असें वाटतें. आणि एका किलोनें काय होतें, असें मन सांगतें. आपल्या या विमानाची शेपूट ५५० सेंटिमीटरांवर आहे, म्हणजे गुरुत्वमध्यापासून ३७५ सेंटिमीटर मागें. इंजिनापाशीं शिसें लावावयाचें तर जागा गुरुत्वमध्याच्या केवळ १५० सेंटिमीटर पुढें मिळते. तेव्हां शेपटीवरच्या एका किलोचा तोल सांवरण्यास नाकाशीं अडीच किलो शिसें घालावें लागतें. हौसेचा एक किलो विमानाला साडेतीन किलोंना पडतो. म्हणून विमान रंगविण्यापूर्वीं तोललें असलें तरी रंगविल्यानंतर तें पुन्हा तोलणें भाग आहे, आणि पुढें जेव्हां जेव्हां जड वस्तु बदलली जाईल तेव्हां तेव्हां हिशेब नव्यानें मांडला पाहिजे.

माणसाचें शरीर हाही या तोलाचाच एक भाग आहे, हें बर्ट रुतान या अमेरिकन रचनाकाराच्या विमानांवरून छान दिसतें. हौशी लोकांसाठीं त्यानें आंखलेल्या ‘व्हॅरिईझी’ आणि ‘लाँग-ईझी’ या विमानांत इंजिन पाठीमागें असतें. वैमानिक उतरला कीं पुढचें वजन नाहींसें होतें आणि विमान मागें बसूं पाहतें. म्हणून पुढचें चाक आंत घेऊन त्याला नाकावर टेकवून ठेवतात. उंट बसावा तसें तें दिसतें! जमिनीवर ही गंमत वाटते. हवेंत मात्र वैमानिक अंगानें किती भारी आहे, हा प्रश्न इंजिनाइतकाच गंभीर ठरतो.

नवें विमान प्रथम उडवितांना गुरुत्वमध्य सीमांच्या आंत आणि मागच्या सीमेपासून चांगला दूर ठेवण्याची पद्धत आहे. अमेरिकेंत अशा विमानाला आरंभीं बहुधा २५ किंवा ४० तास परीक्षेसाठीं, वस्तीपासून दूर नेमून दिलेल्या प्रदेशांत उडवावें लागतें, आणि त्या काळांत हौसेखातर कोणास बरोबर नेतां येत नाहीं. मागच्या आसनावर माणसाऐवजीं वाळूच्या पिशव्या पट्ट्यांनीं घट्ट बांधतात. त्या थोड्या थोड्या वाढवून तोल पायरीपायरीनें मागें नेतात, आणि प्रत्येक पायरीस विमान कसें वागतें तें लिहून ठेवतात. विमानाचा स्वभाव जरा जरी बदललेला वाटला तरी पुढची पायरी न चढतां खालीं येऊन कारण शोधतात. वाळूची पिशवी सहज हलवितां येते, आणि तिला घरीं वाट पाहणारें कोणी नसतें.

या साऱ्याला तीन कांटे, एक ओळंबा, एक पाणसळ आणि शाळेंत शिकलेला गुणाकार-भागाकार यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. अवघड असतें तें निराळेंच. पांच वर्षें खपून बांधलेलें विमान दारांत उभें आहे, आकाश निरभ्र आहे, मित्र पिशवी घेऊन हंसत उभा आहे, आणि अशा वेळीं त्याला म्हणावयाचें, ‘पिशवी राहूं द्या, ती नेली तर आजचा हिशेब जमत नाहीं.’ मित्र क्षणभर खट्टू होईल. पण गाडीवानानें एखादें पोतें खालीं उतरविलें म्हणून शहाणा सावकार कधीं रागावत नाहीं. आपला माल गांवापर्यंत पोंचणार, हें त्याला त्यावरूनच कळतें.